लग्नाची याद करायला बसण्याआधी



आता लग्नसराईची बोलणी सुरू होतील. मुलगी पसंत, मुलगा पसंत, घर पसंत, आणि मग दोन्हीकडची मंडळी याद करायला बसतील. कोणी काय करायचं, कोणाचा किती मान, किती माणसं येणार, हे सगळं त्या कागदावर येतं. या यादीविषयी आज लिहायचं आहे, कारण लग्नाचा खर्च कार्यालयात किंवा कपड्यांच्या दुकानात वाढत नाही. तो इथेच, याद करताना वाढतो. आणि त्या वेळी बोलतात पुरुष, पण त्यांच्यामागून सुचवत असतो आपण बायका. म्हणून आपल्याशीच बोलते.

याद करताना एक वाक्य हमखास ऐकू येतं. "आमचं काही मागणं नाही, फक्त लग्न चांगलं करून द्या." ऐकायला किती गोड! माझ्या मते सबंध लग्नातलं हे सगळ्यात महाग वाक्य आहे. हुंडा मागितला असता तर आकडा तरी कळला असता. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालापासून आहे, त्यामुळे सुशिक्षित माणसं आकडा बोलत नाहीत. पण "चांगलं लग्न" म्हणजे किती, याला अंतच नाही. मग मुलीचा बाप स्वतःच अंदाज बांधतो, आणि कमी पडायला नको म्हणून दीडपट बांधतो. उसाचं बिल आलं की फेडू म्हणून पतसंस्थेत अर्ज करतो.

मी कॉमर्सची, त्यामुळे आकडे मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. समजा लग्नासाठी ५ लाख कर्ज काढलं, १२ टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता ११,१२२ रुपये. पाच वर्षांत फेड ६ लाख ६७ हजारांच्या वर. म्हणजे निव्वळ व्याजाचे १ लाख ६७ हजार. एवढ्या पैशांत धाकट्या मुलीच्या शिक्षणाची मोठी सोय झाली असती. मांडव एका दिवसात उतरतो, हप्ता साठ महिने चालतो. आणि मधल्या काळात पहिलं डोहाळजेवण, बारसं, दिवाळसण सगळं यायचंच असतं.

आपल्या धर्मात याचं उत्तर कधीच देऊन ठेवलं आहे. श्रावकाच्या पाच अणुव्रतांतलं शेवटचं परिग्रह-परिमाण. गृहस्थाने सगळं सोडावं असं ते सांगत नाही. आपल्याला किती पुरे, हे आधी ठरवावं आणि मग ती रेघ ओलांडू नये, एवढंच सांगतं. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात शेत, घर, सोनं, धन, धान्य यांची ठरवलेली मर्यादा ओलांडणं हा व्रताचा अतिचार सांगितला आहे. म्हणजे दोष परिग्रह असण्यापेक्षा ठरवलेलं मोडण्यात जास्त आहे. बजेट म्हणजे तरी दुसरं काय? आकडा आधी, खरेदी नंतर. आपण मात्र उलटं करतो. आधी बस्ता बांधतो, कार्यालय बुक करतो, आणि शेवटी बेरीज करून डोक्याला हात लावतो.

तर एक नमुना मांडते. दर गावोगाव वेगळे असतात, म्हणून आकड्यांपेक्षा मांडणी बघा. दोन्ही घरांचे मिळून ४ लाख आणि माणसं ३०० धरू. कार्यालय आणि सजावट ७० हजार. नाष्टा, चहा आणि जेवण मिळून माणशी ३१० रुपये, म्हणजे ९३ हजार. वधू-वरांचे कपडे ५० हजार. फोटो ४० हजार. विधी, उपाध्ये आणि वाजंत्री २५ हजार. आहेर-मानपान ४० हजार. पत्रिका, गाड्या, पाहुण्यांची उतरायची सोय ३० हजार. दान २० हजार. उरलेले ३२ हजार अडीअडचणीला. सोनं यात नाही. त्याचा दर रोज बदलतो, म्हणून त्याचं पान वेगळं ठेवावं.

आता माणसं ३०० ची ८०० झाली तर काय होतं बघा. वाढलेल्या ५०० माणसांचे नुसत्या खाण्याचेच १ लाख ५५ हजार. शिवाय कार्यालय मोठं, आहेर जास्त, पत्रिका जास्त. पत्रिकेच्या कागदात किंवा फुलांच्या माळेत काटकसर करून हे भरून निघत नाही. खर्चाची किल्ली माणसांच्या संख्येत आणि ताटातल्या पदार्थांच्या संख्येत आहे. दोन्हींपैकी एक तरी हातात ठेवायलाच हवं.

"पण आमच्या गावात भावकी आहे, सगळ्यांना बोलवावंच लागतं," हे म्हणणं मला मान्य आहे. सातारा-सांगलीकडच्या खेड्यांत गावाला वगळून लग्न केलं तर ते वर्षभर ऐकावं लागतं, आणि अडीनडीला तीच माणसं धावून येतात. मग तिथे माणसं कमी करू नका, पदार्थ कमी करा. खपली गव्हाची खीर, म्हणजे आपली हुग्गी, वर तुपाची धार, मसालेभात, दोडक्याची भाजी, आमटी, शेवटी ताक. आचारी लावून, घरचा गहू आणि गूळ वापरून, समजा पान ११० रुपयांना पडलं, तर ८०० माणसं ८८ हजारांत जेवतात. म्हणजे ३०० जणांच्या पंचवीस पदार्थांच्या बुफेहूनही कमी. शहरात असाल तर माणसं मोजा, खेड्यात असाल तर पदार्थ मोजा. ८०० माणसं आणि २५ पदार्थ हा हट्ट मात्र सोडावा लागेल.

जेवणाचाच विषय निघाला म्हणून एक मनातलं बोलते. सकाळी पंचपरमेष्ठींचं पूजन करून लग्न लावायचं आणि रात्री नऊला रिसेप्शनचे काउंटर उघडायचे, हे मला पटत नाही. मे महिन्यातसुद्धा आपल्याकडे सातच्या सुमारास सूर्य मावळतो. घरातल्या आजी-आजोबांनी, व्रती पाहुण्यांनी काय करायचं? ते बिचारे पाणीही न पिता खुर्चीवर बसून राहतात. दिवसाचं लग्न आणि दिवसाचंच जेवण ठेवलं तर धर्म पाळला जातो आणि दुसऱ्या जेवणाचा, रोषणाईचा, रात्रीच्या सजावटीचा सगळा खर्च आपोआप जातो. रात्री दहानंतर स्पीकरला कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे डीजेचा वादही उरत नाही. फटाक्यांविषयी तर जैन घरात वेगळं सांगायला नको. किती जीव त्यात जातात. अक्षताही चिमूटभर पुरतात. पायाखाली तुडवले जाणारे तांदूळ स्वयंपाकघरात राहिले तर चार जणांच्या पोटात जातील.

साधं लग्न म्हणजे काहीतरी उणं, असं मानणाऱ्यांना आपल्याच जिल्ह्याचा इतिहास आठवून द्यावासा वाटतो. सत्यशोधक समाजाच्या पद्धतीचं पहिलं लग्न २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात लागलं. ना भटजी, ना हुंडा, ना डामडौल, आणि मंगलाष्टकं वधू-वरांना समजतील अशी मराठीत. त्यामागे उभ्या होत्या सावित्रीबाई, सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या लेक. जोतिरावांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. दीडशे वर्षांपूर्वी सोपं नव्हतं ते.

आणि आपल्या समाजाचे कर्मवीर भाऊराव पाटील तर घरचेच. जन्म कुंभोजचा, १८८७ चा. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं. लग्नात मिळालेल्या सोन्याचा याहून मोठा उपयोग कोणी केला असेल असं मला वाटत नाही. आपण तेवढं नाही करू शकत. पण आपल्या दक्षिण भारत जैन सभेनेही शिकणाऱ्या मुलांसाठी बोर्डिंगं काढली, त्यांतून कितीतरी घरं वर आली. लग्नाच्या बजेटात दानाची ओळ ठेवा म्हणते ती यासाठी. आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दानं आपल्याला सांगितली आहेत. त्यातलं एक वधू-वरांच्या हातून, त्याच दिवशी होऊ द्या.

कायद्याचंही एक सांगते. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, तो जैनांनाही लागू आहे. त्यानुसार रूढ विधींनी लग्न लागतं, आणि जिथे सप्तपदी विधीचा भाग आहे तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण झालं. स्टेज, ड्रोन, एलईडी पडदा यांचा त्यात कुठेच उल्लेख नाही! नोंदणी मात्र ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत लवकर करून घ्या. दाखला पुढे अनेक कामांत उपयोगी पडतो. करोनाच्या वर्षी तर आपण सगळ्यांनीच पाहिलं. २०२० मध्ये ५० माणसांची मर्यादा होती, एप्रिल २०२१ मध्ये ती २५ माणसं आणि दोन तास अशी झाली. त्या दोन तासांत लागलेली लग्नंही पक्कीच लागली, आणि त्या घरांत आता मुलं बालवाडीत जातात.

"पण मग मजा काय?" असं मुलं विचारतील, आणि तो प्रश्न बरोबर आहे. लग्न म्हणजे आनंदाचा दिवस. तो कोरडा करू नये. माझं म्हणणं एवढंच की मजा विकत आणावी लागत नाही. आपण पाहुणे म्हणून गेलेली किती लग्नं आठवतात? ज्या लग्नात आपण पंगतीत वाढलं, मेंदी काढली, वऱ्हाडाला चहा दिला, ती मात्र नक्की आठवतात. म्हणून प्रत्येकाला काम द्या. सांगलीच्या हळदीचं नाव देशभर आहे. मग हळकुंडं आणून जात्यावर बायकांनीच दळावी, गाणी म्हणत. पंधरा दिवस आधी पापड-सांडग्यांना शेजारणी जमवाव्या. रुखवत विकतचं नको. मावशीने विणलेलं, भाचीने रंगवलेलं ठेवा. मंगलाष्टकाचं एक कडवं आत्याने लिहावं, एक काकांनी. कार्यालयाच्या दाराशी दोन्हीकडच्या आजी-आजोबांच्या लग्नाचे जुने फोटो मांडा. त्याभोवती जेवढी गर्दी होईल तेवढी सेल्फी पॉइंटजवळ होणार नाही. सजावटीला घरातली पितळी भांडी, समया, आईच्या जुन्या जरीच्या साड्या पुरतात. फुलांचे ट्रक नकोत.

उखाण्यांची तर स्पर्धाच लावा, आणि नवरदेवालाही सोडू नका. एक मीच रचून देते: सांगलीची हळद, साताऱ्याचे कंदी पेढे, ...रावांच्या सोबतीने सुटतील संसारातले तिढे. कंदी पेढ्यांचं बक्षीस ठेवलंत तर सासूबाईही उठतील.

शेवटी आपल्या खास खात्याबद्दल, म्हणजे मानपानाच्या साड्या. खरं सांगा, आहेरात आलेली साडी आपण किती वेळा नेसतो? फॉल-पिको न करता ती कपाटात जाते आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या कोणाला जाते. तीच साडी पाच घरं फिरते आणि प्रत्येक घरात नव्याने पैसे मात्र खर्च होतात. सख्ख्या चौघी-पाचजणींना मनापासून घेतलेली साडी द्या, बाकीच्यांना हळदीकुंकू आणि नारळ. पाहुण्यांकडूनही "आहेर आणू नये" असं पत्रिकेत छापा आणि ते पाळा.

हे सगळं पहिलं बोलायचं कोणी? मुलीच्या आईने म्हटलं तर "ऐपत नाही" असा अर्थ लावतात. म्हणून मुलाच्या आईने बोलावं, असं माझं स्पष्ट मत आहे. याद करायला बसलं की पहिलंच वाक्य तिचं असावं: "खर्च निम्मा-निम्मा, लग्न दिवसाचं, माणसं आपण मिळून ठरवू." या एका वाक्याने समोरच्या घरातल्या बापाची कित्येक रात्रींची झोप परत येते. आणि येणाऱ्या सुनेला उंबरठा ओलांडण्याआधीच कळतं, की आपण कोणत्या घरात जातोय.

ज्यांच्या घरी यंदा मुलाचं लग्न आहे, त्यांनी हे वाक्य आजच नवऱ्याला सांगून ठेवा. यादीच्या दिवशी ऐनवेळी तोंडातून निघत नाही.