एवढ्याशा पोरीला चष्मा?

एसटीत, भाजीबाजारात, हळदीकुंकवाला, कुठंही गेलं तरी हा प्रश्न ठरलेला. "अगंबाई, एवढ्याशा पोरीला चष्मा? मोबाईल बघते का फार?" पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझी लेक चार महिन्यांची होती. मोबाईल तिला हातात धरताही येत नव्हता! सुरुवातीला मला रडूच यायचं. आता सरळ सांगते, "मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय तिचं." मग समोरचीचा चेहरा बघण्यासारखा होतो. मोतीबिंदू म्हणजे म्हातारपणचं दुखणं, हेच आपल्या डोक्यात बसलेलं. माझ्याही तेच होतं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये माहेरी बाळंत झाले. दहाव्या दिवशी बाळाला न्हाऊ घालणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, पोरीच्या बाहुल्यांत पांढरं दिसतंय, उजवीत जास्त." आईनं मान्यच केलं नाही. गावातल्या डॉक्टरांना दाखवलं, तर ते म्हणाले, "काळजी नको, वर्षाची होऊ द्या, मग बघू." आमच्या आजोबांच्या मोतीबिंदूला नाही का, "पिकू दे" म्हणून दोन वर्षं थांबवलं होतं? आम्हालाही ते पटलं. शिवाय सव्वा महिना बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही. झालं, घरी बसलो.

तिकडून सासूबाईंचा फोन. "ग्रहणात काही चिरलंस का गं?" २५ ऑक्टोबर २०२२, दिवाळीतलं सूर्यग्रहण. त्या संध्याकाळी मी विळीवर मेथी चिरली होती, खोटं कशाला बोलू? ती मेथी पुढं कित्येक रात्री माझ्या डोळ्यांपुढं होती. यांनीसुद्धा एकदा विचारलं, "खरंच चिरली होतीस का?" मैत्रिणींनो, बाळाच्या दुखण्यापेक्षा मला ते वाक्य जास्त लागलं.

अठ्ठाविसाव्या दिवशी आशाताई वजन करायला आल्या आणि बाळाचे डोळे बघून हटूनच बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच आम्हाला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं, तिथून पुण्याला. सातव्या आठवड्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आठव्यात डाव्याचं. एवढ्याशा जिवाला पूर्ण भूल! ते दोन दिवस कसे काढले ते लिहीत नाही.

पुण्याच्या डॉक्टरबाईंनी मला जे समजावलं ते प्रत्येक आईला कळायला हवं. आजोबांनी आयुष्यभर पाहिलेलं असतं. भिंग गढूळ झालं तरी त्यांचा मेंदू पाहणं विसरत नाही, म्हणून थोडं थांबलं तरी चालतं. बाळाचा मेंदू पाहायला शिकतो तो पहिल्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत. तेव्हा डोळ्यांतून स्वच्छ चित्र गेलंच नाही, तर मेंदू शिकत नाही. मग वर्षानं ऑपरेशन कितीही छान झालं तरी नजर पूर्ण येत नाही. दाट मोतीबिंदू असेल तर सहा ते आठ आठवड्यांच्या आत ऑपरेशन व्हावं, असं सांगतात. आपला सव्वा महिना म्हणजे जवळपास सहा आठवडेच की! त्या विश्रांतीला मी नावं ठेवत नाही. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, सगळं मला हवंच होतं. पण बाळाच्या डोळ्यांसाठी उंबरा ओलांडायचा नाही, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

आणि ग्रहण! बाळाच्या डोळ्यातलं भिंग गर्भारपणाच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच तयार होतं. माझ्या मेथीच्या वेळी मला पाचवा महिना होता. कधी हा दोष घराण्यातून येतो, कधी गरोदरपणात झालेल्या रुबेलासारख्या आजारानं. पुष्कळदा कारण सापडतच नाही. आमचं सापडलं नाही. रुबेला आणि बाळाचा मोतीबिंदू यांचा संबंध १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या नॉर्मन ग्रेग या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दाखवला. बाहेर बसलेल्या आयांच्या गप्पा कानावर पडल्या, त्यातून त्यांना ते सुचलं, असं सांगतात. बायकांचं बोलणं ऐकलं तर असं होतं! आता आपल्याकडं गोवर-रुबेलाची लस बाळाला नवव्या महिन्यानंतर आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास फुकट मिळते. ती चुकवू नका.

ऑपरेशननं काम संपलं असं मला वाटलं होतं. खरं काम तिथून सुरू झालं. जाड भिंगांचा चष्मा, मागं इलॅस्टिक. उजवा डोळा कमजोर, म्हणून चांगल्या डाव्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. ती पट्टी ओढून काढायची, मी परत लावायची, दोघी रडायचो. आता फुलाचं चित्र चिकटवलं की लावून घेते. शिवाय पुढं काचबिंदू होऊ शकतो, म्हणून डोळ्यांचा दाब तपासत राहायचा तो कायमचाच. दर खेपेला एसटीचं भाडं आणि यांची एक दिवसाची मजुरी बुडते, तेही खरं.

२०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात मोतीबिंदू आहे. मला हे आशाताईंनी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. बाहुलीत पांढरं दिसलं, दोन-तीन महिन्यांचं बाळ तोंडाकडं बघत नसेल, डोळे सारखे थरथरत असतील, तर घरगुती मध नको, काजळ नको. आशाताईंना गाठा, जिल्ह्याच्या दवाखान्यात जा. आणि "वर्षाची होऊ द्या" म्हणणारा भेटला तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

लेक आता बालवाडीत जाते. परवा भिंतीवरची मुंगी दाखवून म्हणाली, "आई, बघ, साखर नेतेय." मला ती साखर दिसलीच नाही.

बारसं आम्ही तीन महिन्यांनी केलं. सासूबाईंनी स्वतः पेठेत जाऊन साडी आणली आणि त्या न्हाऊ घालणाऱ्या मावशींना पहिल्या पाटावर बसवून नेसवली. ग्रहणाचं मात्र त्या अजून काही बोलल्या नाहीत.