पाणी नासवणे ही ॲट्रॉसिटीच!

दरवर्षी 20 मार्चला आपण महाडला जातो. चवदार तळ्याला वंदन करतो, स्टेटस ठेवतो. पण आदिवासींच्या विहिरीत कारखान्याची घाण उतरते तेव्हा आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात, "हा पर्यावरणवाल्यांचा विषय आहे, आपला नाही." या विचाराला आमचा विरोध आहे.

केरळमधले प्लाचीमडा घ्या. पालक्काड जिल्ह्यातल्या या गावात 2000 साली कोका-कोलाचा कारखाना सुरू झाला. आजूबाजूला इरवाळर व मलसर आदिवासींच्या आणि दलित शेतमजुरांच्या वस्त्या. दोनेक वर्षांतच विहिरींची पातळी खाली गेली. जे पाणी उरले ते पिण्याच्या लायकीचे राहिले नाही. बायका हंडे घेऊन लांबवर पायपीट करू लागल्या. कारखान्यातला गाळ शेतकऱ्यांना 'खत' म्हणून दिला गेला. तपासणीत त्यात कॅडमियम सापडले!

22 एप्रिल 2002 रोजी कारखान्याच्या फाटकासमोर धरणे सुरू झाले. पुढे होती मयिलम्मा, एक इरवाळर आदिवासी बाई. 2003 मध्ये पेरुमट्टी ग्रामपंचायतीने परवान्याचे नूतनीकरण नाकारले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. डिसेंबर 2003 मध्ये एका न्यायमूर्तींनी सांगितले की भूजल ही जनतेची संपत्ती आहे. 2005 मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने कंपनीला रोज 5 लाख लिटर उपशाची मुभा दिली! लोकांच्या रेट्यामुळे मार्च 2004 मध्ये बंद पडलेला कारखाना मात्र पुन्हा उभा राहू शकला नाही.

मग भरपाईचे काय झाले? राज्य सरकारच्या उच्चाधिकार समितीने 2010 मध्ये नुकसान 216 कोटी रुपयांहून अधिक ठरवले. 2011 मध्ये केरळ विधानसभेने भरपाईसाठी न्यायाधिकरणाचे विधेयक मंजूर केले. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळालीच नाही. म्हणजे नुकसान सरकारनेच मोजले, आणि दिल्लीत फाईल अडली. विहीर आदिवासींची नसती तर असे झाले असते का?

"रोजगार मिळतो, टँकरने पाणी देतात, मग तक्रार कसली?" असे विचारणाऱ्यांना आम्ही महाडची आठवण करून देतो. महाड नगरपालिकेने 1924 मध्येच तळे खुले केल्याचा ठराव केला होता. हक्क कागदावर होता, पाणी मात्र सवर्णांच्या ताब्यात होते. बाबासाहेबांनी पाण्याची भीक मागितली नाही, हक्क बजावला. आपल्या स्पर्शाने तळे 'बाटले' म्हणून गोमूत्र ओतून ते 'शुद्ध' करणारी हीच व्यवस्था. आज खरे विष विहिरीत उतरते, तेव्हा ती परवाना देते. 1938 मध्ये मनमाडला बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते. प्लाचीमडाच्या विहिरीवर दोघांची गाठ पडते.

मित्रांनो, 1989 चा ॲट्रॉसिटी कायदा उघडून वाचा. अनुसूचित जाती-जमातींचे लोक वापरतात ते पाणी दूषित करून वापरण्यास कमी योग्य बनवणे, हा त्यात गुन्हा आहे. गावगुंडाने विहिरीत घाण टाकली की आपण पोलीस ठाण्यावर मोर्चा नेतो. तेच एखाद्या कंपनीने केले की 'प्रदूषण' म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाला पत्र लिहून गप्प बसतो. हा फरक आपण का करायचा?

गडचिरोली, नंदुरबार, पालघर, जिथे आदिवासी वस्तीजवळ खाण किंवा कारखाना येतो तिथे आपण तीन कामे करू. प्रकल्प सुरू होण्याआधीच विहिरी-नाल्यांच्या पाण्याची तपासणी करून अहवाल जपून ठेवू, म्हणजे नंतर "पाणी आधीपासूनच खराब होते" असे कोणी म्हणू शकणार नाही. ग्रामसभेत आदिवासी भावाबहिणींच्या पाठीशी उभे राहू. पेसा कायद्याचा अधिकार त्यांचा आहे, निर्णयही त्यांचाच. आणि पाणी नासले तर ॲट्रॉसिटीखाली लेखी फिर्याद देऊ, पोलिसांनी टाळाटाळ केली तर न्यायालयात जाऊ.

एवढे केले तरच 20 मार्चला महाडला जाण्याला अर्थ आहे.

जय भीम! जय संविधान!