काटा एकच हवा

धनत्रयोदशीला आपण धन्वंतरीपुढे धने-गुळाचा नैवेद्य ठेवतो आणि दोनच दिवसांनी हिशेबाच्या वहीवर हळदकुंकू वाहतो. परवा पूजेची वही काढताना तिच्यातून एक छोटं कार्ड खाली पडलं. त्यावर नर्सबाईंच्या हातची तारीख होती, मार्च २०२१, कोविडच्या लशीचं नाव आणि बॅच क्रमांक. त्याच महिन्यात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून पन्नास लाख मात्रा इथे ब्रिटनला आल्या होत्या. बाही वर सरकवून खुर्चीत बसलो तेव्हा मनात एकच विचार होता: ही आपल्या हडपसरची तर नसेल? त्या कडक टाळेबंदीत तेवढ्यानेही बरं वाटलं होतं. आजही वाटतं. त्या लशीने असंख्य जीव वाचवले, हे मी वहीच्या जमेच्या बाजूला ठळक अक्षरात लिहीन.

पण वहीला नावेची बाजूही असते. त्याच लशीनंतर काही जणांच्या रक्तात गुठळ्या झाल्या, कुणाच्या थेट मेंदूत. सुमारे पाच कोटी मात्रांमागे अशा चारशेहून अधिक घटनांची ब्रिटनमध्ये नोंद झाली आणि ऐंशीच्या आसपास माणसं गेली. ७ एप्रिल २०२१ रोजी तिशीच्या आतल्यांना, आणि महिन्याभराने चाळिशीच्या आतल्यांना, शक्यतो या लशीऐवजी वेगळी लस द्यावी असा सल्ला सरकारच्या लसीकरण समितीने दिला. प्रमाण अगदी कमी होतं. पण ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घराला प्रमाण सांगून काय होणार?

या नुकसानीची किंमत करायची कशी, हा प्रश्न ब्रिटनला नवा नाही. रोझमेरी फॉक्स या आईने १९७३ साली लशीमुळे अपंगत्व आलेल्या मुलांच्या पालकांची संघटना बांधली. खासदार जॅक ॲशली यांनी पार्लमेंटमध्ये त्यांची बाजू लावून धरली आणि १९७९ साली भरपाईचा कायदा झाला. रक्कम ठरली दहा हजार पौंड. याच पार्लमेंटने १८०२ साली देवीची लस शोधणाऱ्या एडवर्ड जेन्नरला बक्षीस दिलं होतं, तेही दहा हजार पौंड. पावणेदोनशे वर्षांत पौंडाची किंमत कुठल्या कुठे गेली होती. शोधाचा सन्मान करताना सढळ असलेला हात नुकसान भरताना आखडला.

आज ही रक्कम एक लाख वीस हजार आहे आणि २००७ पासून तिच्यात एका पेनीचीही भर पडलेली नाही. महागाई धरली तर ती दोन लाखांच्या घरात जायला हवी होती. अपंगत्व साठ टक्के ठरलं तर पूर्ण रक्कम, एकोणसाठ ठरलं तर शून्य. पंचविशीतल्या तरुणाला आणि सत्तरीतल्या आजोबांना सारखीच. कोविडच्या लशीसाठी दावे हजारोंनी आले, मंजूर झाले अगदी थोडे, आणि पहिला पैसा हातात पडायला जून २०२२ उजाडला.

आणि हेच सरकार नवी लस विकत घेताना कसा हिशेब करतं? तिच्यामुळे निरोगी आयुष्याची किती वर्षं पदरात पडतील ते मोजलं जातं. अशा एका वर्षाला वीस ते तीस हजार पौंड, हा इथला अनेक वर्षांचा दंडक होता. म्हणजे फायदा तोलायला सोनाराचा काटा आणि नुकसान तोलायला वखारीचा.

वखारीचा काटा लसविरोधकांच्या हातातही आहे. औषधांच्या दुष्परिणामांची शंका कळवण्यासाठी १९६४ पासून इथे ‘यलो कार्ड’ आहे. प्रत्येक कार्ड ही एक शंका असते, निवाडा नसतो. पण सगळी कार्डं एकत्र करायची, २०२० नंतर आजारी पडलेला प्रत्येक माणूस त्यात मिळवायचा, खुद्द कोविडने पोखरलेले आणि शस्त्रक्रियेच्या रांगेत खितपत पडलेलेही, आणि नुकसानीचा अब्जावधींचा आकडा मांडायचा, याला हिशेब म्हणत नाहीत. शंकेलाच निवाडा मानण्याची किंमत इथे आधीही मोजली गेली आहे. १९७४ साली लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या डॉक्टरांनी डांग्या खोकल्याच्या लशीबद्दल शंका मांडली. भीती पसरली. लस घेणाऱ्या बाळांचं प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या आसपास होतं, ते तीसच्या घरात आलं आणि १९७७ ते ७९ च्या साथीत एक लाखाहून अधिक रुग्णांची नोंद झाली. मेंदूची कायमची इजा लशीनेच होते हे सिद्ध झालेलं नाही, असा निकाल १९८८ साली न्यायालयाने दिला. पुढे २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अशा चौदा रुग्णांची तपासणी केली, तेव्हा अकरा जणांत जन्मजात जनुकीय दोष सापडला. लशीच्या नावे लिहिलेलं दुखणं मुळात दुसऱ्याच खात्यातलं होतं.

म्हणून काटा एकच हवा, दोन्ही पारड्यांना. लशीने झालेली इजा कठोरपणे तपासा. पण तपास वेळेत संपवा. रक्कम दरवर्षी महागाईबरोबर वाढू द्या, अपंगत्वाच्या प्रमाणात द्या. याने लसीकरणाचं काहीही बिघडणार नाही, उलट लोकांचा विश्वास वाढेल. ज्यांना इजा झाली त्यांनीही दंड पुढे केला होता तो आपल्या-तुपल्या आजी-आजोबांसाठीच. त्यांचं देणं हे समाजाच्या डोक्यावरचं ऋण आहे, आणि ऋण बुडवून लक्ष्मी घरात नांदत नाही.

माझं लशीचं कार्ड मी पुन्हा वहीत ठेवलं आहे. यंदा पूजेत वहीचं जमेचं पान आणि नावेचं पान, दोन्हींवर हळदकुंकू वाहीन.