तीच गाणी, तोच माल

ज्याच्यावर जीव लावला त्यालाच शिव्या घालायची पाळी आलीय. इलाज नाही. आपल्या आवडत्या माणसाला सूट द्यायची, हा प्रस्थापितांचा रिवाज झाला.

गँग ऑफ फोर. इंग्लंडातल्या लीड्स शहरातल्या चार पोरांचा बँड. नाव घेतलं चीनमधल्या राजकीय चौकडीवरून. (मराठीत कुणी त्याला 'चांडाळचौकडी' म्हणालाच तर विचारा, हा चांडाळ कोण रे बाबा? च्यायला, शिव्यासुद्धा जातवार.) १९७९ साली त्यांची पहिली मोठी रेकॉर्ड आली, 'एंटरटेनमेंट!'. लालभडक कव्हर. त्यावर गोरा काऊबॉय आणि अमेरिकेतला आदिवासी हातात हात घेऊन उभे. भोवतीच्या मजकुराचा मतलब असा, की आदिवासी हसतोय कारण दोस्त भेटला, गोरा हसतोय कारण गडी फसला, आता लुटायला रान मोकळं. जाडजूड पुस्तकं वाचून जे डोक्यात शिरत नाही ते या पोरांनी कव्हरवर मांडलं.

आणि आत अँडी गिलची गिटार! गोड सुरावट नाहीच. पत्रा कापत गेल्यासारखी, आणि मध्येच गप्प. त्या गप्प बसण्यातून डेव्ह ॲलनचा बास आणि ह्यूगो बर्नहॅमचे ड्रम पुढे सरकायचे. जॉन किंग ओरडायचा तो प्रेमाचासुद्धा बाजारात माल कसा होतो त्यावर. 'ईथर' हे गाणं उत्तर आयर्लंडमधल्या लाँग केशच्या कैद्यांच्या छळावर. बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स'वर बोलावलं, निरोधाचा एक शब्द बदला म्हणाले, तर कार्यक्रमावर लाथ मारून चालते झाले.

ही चौकडी २००४ मध्ये परत एकत्र आली. आपण हरखलो. २००५ ला 'रिटर्न द गिफ्ट' आली, पदरमोड करून मागवली. लावली, तर काय? सुरुवातीच्या वर्षांतली जुनीच गाणी, पुन्हा स्टुडिओत बसून वाजवलेली. नवं एक नाही. सोबतच्या दुसऱ्या तबकडीवर दुसऱ्या बँडांनी केलेली रिमिक्सं. म्हणजे परत तेच.

कारण सांगितलं ते खोटं नव्हे. जुन्या रेकॉर्डिंगची मालकी तेव्हा ईएमआय कंपनीची होती. विक्रीतून आम्हाला काही मिळालं नाही, असं बँडचं म्हणणं. गाणी नव्यानं वाजवली की ते रेकॉर्डिंग आपलं, कंपनीला भीक घालायला नको. पटतं. राबणाऱ्याच्या हातात राबण्याचं फळ पडू नये असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? तरी एक आहेच, १९७९ ला ईएमआयचा हात यांनीच हातात घेतला होता, आणि कव्हरवर तसल्याच हस्तांदोलनाचं चित्र छापलं होतं.

पण कान काही करारनामा वाचत नाही. ड्रम आता धष्टपुष्ट झालेत. किंगचा आवाज खाली बसलाय. गिटारच्या गप्प बसण्याची पूर्वी भीती वाटायची, आता कधी थांबणार आणि कधी सुरू होणार हे त्यांनाही पाठ, मलाही पाठ. राग तोच, पण इस्त्री केलेला.

एक दोस्त माझ्याशी भांडला. म्हणाला, मालकी हिसकावणं हाच विद्रोह, तुला आणखी काय पाहिजे? अरे, मालकी कसली? सव्वीस वर्षांपूर्वीच्या रागाची! २००३ ला ब्रिटिश फौज इराकात घुसली. २००४ ला अबू गरीबचे फोटो जगानं बघितले. लाँग केशवर गाणारी माणसं २००५ मध्ये स्टुडिओत उभी आहेत, चौघं एकत्र आहेत, वाद्यं हातात आहेत. आणि एक नवी ओळ नाही! कंपनीवर सूड उगवायला वेळ मिळाला, अबू गरीबवर ओरडायला नाही. माझं भांडण एवढंच आहे.

१ फेब्रुवारी २०२० ला अँडी गिल गेला. त्या रात्री मी १९७९ ची रेकॉर्ड काढली, कंपनीच्या मालकीची. २००५ ची, त्यांच्या स्वतःच्या मालकीची, कपाटातच राहिली.