बॅटरीवरील आकड्यांचा अर्थ



दूरनियंत्रणाने उडणारे छोटे विमान घरात आले, की मुलांची दृष्टी त्याच्या पंखांवर खिळते. बॅटरीवर छापलेल्या आकड्यांकडे सहसा कोणी पाहत नाही. विमान आकाशात राहते ते मात्र त्या आकड्यांच्या आधारे. म्हणून ते वाचावयास शिकणे अगत्याचे होय.

समजा, आपल्या लिथियम-पॉलिमर बॅटरीवर ‘२२०० एमएएच, ३ एस, २५ सी’ असे लिहिले आहे. आता उंचावरील पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणावी. टाकीत पाणी किती मावते, ते पहिला आकडा सांगतो. एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-तास, २.२ अँपिअरचा प्रवाह एक तास पुरेल, एवढा हा साठा. टाकी किती उंचावर आहे, म्हणजे दाब किती, ते ‘३ एस’वरून कळते. प्रत्येकी ३.७ व्होल्टचे तीन घट एकापुढे एक जोडले, की ११.१ व्होल्ट होतात. नळ किती रुंद, ते ‘२५ सी’ दर्शविते. २.२ ला २५ ने गुणले असता ५५ अँपिअर येतात. याहून अधिक प्रवाह सतत ओढल्यास बॅटरी तापते व फुगते.

आता वेळेचा हिशेब. मोटार सरासरी १३.२ अँपिअर ओढत असेल, तर साठा १० मिनिटांत संपेल. तथापि पाचवा हिस्सा राखून ८ मिनिटांतच विमान उतरवावे. एखाद्या घटाचा दाब ३ व्होल्टच्या खाली गेला, तर तो घट कायमचा बिघडू शकतो. शिवाय पुष्कळ छोट्या विमानांत संदेश ग्रहण करणाऱ्या यंत्रासही याच बॅटरीतून वीज मिळते. ती पुरती संपली, की विमान कोणाचेच ऐकत नाही. आणि खाली मैदानात कोणाचे तरी मूल खेळत असते.

मोठी बॅटरी घेतल्याने वेळ वाढेल, ही आशाही अर्धीच खरी. तिचे वजन उचलण्यास प्रवाहही अधिक लागतो.

उत्पादकाने निराळे सांगितले नसेल, तर ही बॅटरी २.२ अँपिअरनेच भरावी. भरताना तिला एकटी सोडू नये. फुगलेली बॅटरी तर भरूच नये; ती पेट घेऊ शकते.

उड्डाणापूर्वी मुलांनी हा भागाकार कागदावर करावा, घड्याळाचा गजर लावावा, आणि तो वाजताच विमान खाली आणावे.