इंग्रजीची ओळख : 'पर्यंत' एक, शब्द दोन



'दुकान नऊपर्यंत उघडे असते' आणि 'अर्ज शुक्रवारपर्यंत द्या'. दोन्हीकडे 'पर्यंत' आहे, पण अर्थ वेगळा. दुकान सतत उघडे राहते. अर्ज मात्र एकदाच द्यायचा, उशिरात उशिरा शुक्रवारी.

इंग्रजीत म्हणूनच दोन शब्द आहेत. चालू राहणाऱ्या गोष्टीला 'टिल' : 'द शॉप इज ओपन टिल नाइन.' एकदा पुऱ्या करायच्या कामाला 'बाय' : 'सबमिट द फॉर्म बाय फ्रायडे.' इथे शुक्रवार धरून मुदत आहे. 'बिफोर फ्रायडे' असेल, तर गुरुवारीच काम उरका!

ही चूक महागात पडते. घरमालकाला 'आय विल पे द रेंट टिल मंडे' असे लिहिले, तर तो समजेल की सोमवारनंतर तुम्ही भाडे देणारच नाही. तिथे 'बाय मंडे' हवे.

आता दिवसांची मुदत. माहिती अधिकार कायदा, २००५ प्रमाणे अर्ज मिळाल्यापासून साधारणपणे ३० दिवसांच्या आत उत्तर द्यावे लागते. या 'आत'ला 'विदिन' : 'विदिन थर्टी डेज.' पण 'मी दहा दिवसांनी येईन' याला आपण 'आफ्टर टेन डेज' लिहितो. सहज इंग्रजी आहे 'आय विल कम इन टेन डेज.'

आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. पंडित नेहरू ऑगस्ट १९४२ पासून मार्च १९४५ पर्यंत अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. मुक्काम चालू होता, म्हणून 'टिल मार्च १९४५'. तिथेच १९४४ साली त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ पाच महिन्यांत लिहिला. ग्रंथ पुरा झाला, म्हणून 'ही रोट इट इन फाइव्ह मंथ्स.' 'फॉर फाइव्ह मंथ्स' म्हटले, तर पाच महिने लिहीत होते एवढेच कळते. ग्रंथ पुरा झाला की नाही, ते कळत नाही.

खूण लक्षात ठेवा. वाक्यात 'उशिरात उशिरा' बसले तर 'बाय', 'तोवर चालू' बसले तर 'टिल'.

आता घरी सर्वांनी मिळून करून पाहा :
१) बाबा सहापर्यंत घरी येतील.
२) बाबा सहापर्यंत घरी असतील.

(उत्तरे : १) बाय २) टिल)