माझा वकील मीच

लिटिल इंडियात 'कॅन, कॅन' एवढं बोलणं म्हणजे पुरता करार. डनलप स्ट्रीटवर चहा पिता पिता एका गृहस्थांनी आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटांचं काम घेतलं, मी ३,८०० डॉलर आगाऊ दिले, आणि तीन महिन्यांनी घरात दोन उघडे सांगाडे आणि भिंतीला चार भोकं. फोन उचलणं बंद. (बायको म्हणाली, "ऑफिसात दुसऱ्यांची ड्रॉइंग्ज तपासतोस आणि इथे साधी पावती नाही घेतलीस?" असो.)

वकिलाला विचारलं. त्याची फी दाव्याच्या वर जात होती. भला माणूस, त्यानेच सांगितलं की स्मॉल क्लेम्स ट्रायब्युनल्समध्ये जा, तिथे आम्हाला प्रवेशच नाही! १९८५ पासून ही सोय आहे. २०१९ पासून २०,००० डॉलरपर्यंतचे दावे चालतात, दोघंही कबूल असतील तर ३०,०००. माझ्यासारख्या ग्राहकाला ५,००० पर्यंतच्या दाव्याला फी फक्त १० डॉलर.

मी अकरा पानी तक्रार लिहिली. पहिलं पान त्या गृहस्थांच्या स्वभावावर. लिटिल इंडियाहून चायनाटाऊन तिसरं स्टेशन, तिथून कोर्ट जवळच. एवढ्या वेळात गाडीत मनातल्या मनात जोरदार भाषणही तयार केलं. तिथे मला विचारलं काय, तर ठरलं काय होतं, दिलं किती, झालं किती. भाषण राहिलंच. शेवटी उपयोगी पडला तो व्हॉट्सअॅपवरचा एक निरोप: मी मापं पाठवली होती आणि त्यांनी उलट अंगठ्याचं चित्र. आपल्याकडे अंगठा उठवायचे तसाच हा! सांगाड्यांच्या लाकडाचे पैसे मला वजा करावे लागले. ते मान्य करताना जड गेलं, पण बरोबर होतं. वकील असता तर हे त्याने समजावलं असतं. इथे मलाच माझ्या रागाची समजूत काढावी लागली. २,६०० वर मिटलं, दोन हप्त्यांत. दुसरा हप्ता चुकला असता तर वसुलीसाठी पुन्हा वेगळा अर्ज, वेगळी फी.

आपल्याकडेही स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. पण वकिलांसाठी बांधलेल्या कोर्टात एकट्याने शिरणं वेगळं आणि दोघांचेही वकील बाहेर ठेवून कोर्टानेच प्रश्न विचारणं वेगळं. मला हे दुसरं पटतं. मात्र मी इंग्रजी शिकलेला, रजा मिळणारा माणूस आहे, हे विसरून ही फुशारकी मारू नये.

कारण परवा रविवारी टेक्कापाशी ते सांगाडे बसवणारा बांगलादेशी कामगार भेटला. त्याचाही पगार अडलाय. त्याच्यासाठीही २०१७ पासून एम्प्लॉयमेंट क्लेम्स ट्रायब्युनल्स आहेत, तिथेही वकील नाही, आधी समेटाचा प्रयत्न, दुभाषाही मिळतो. कागदावर आम्ही दोघं सारखेच. पण त्याचं वर्क परमिट ज्या मालकाच्या नावावर, दावा त्याच्याचविरुद्ध. मला हरलो असतो तर कपाटं गेली असती.

"सर, आपको कितना टाइम लगा?" त्याने विचारलं. मी त्याला विचारलं, कामाच्या तारखा कुठे लिहून ठेवल्यास का? त्याने खिशातून मुस्तफाच्या पावत्यांची चळत काढली. मागे पेन्सिलने तारखा होत्या. आम्ही तिथेच बाकावर बसून त्या वहीत उतरवायला घेतल्या.